सडा ओसाड नाही: गोवा सरकारला आणि सड्यांच्या गावातल्या पंचायतींना खुलं पत्र

माननीय मुख्यमंत्री, वन, पर्यावरण, पंचायत आणि नगरनियोजन खात्यांचे मंत्री नि अधिकारी, आणि ज्या ज्या गावांच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आहे तिथले सगळे सरपंच आणि पंच, नमस्कार.

हे सगळं अर्ज करून आधी कळवून झालंय, पोच मिळाली, पुढे काहीच नाही. म्हणून आता उघड लिहितोय, लोकांनीही वाचावं म्हणून.

मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे घरट्यांबद्दल लिहिणार आहे आणि घरट्याची जागा कळली की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या गावच्या सड्याचा मोठा भाग रूपांतरित करायचा, म्हणजे त्या जमिनीचा वापर बदलायचा, प्रस्ताव आलाय आणि त्याला जोडलेल्या सर्व्हे रिपोर्टात लिहिलंय की जमीन खडकाळ आणि ओसाड आहे, उल्लेख करण्यासारखे वन्यजीव नाहीत. कीटकांच्या रकान्यात तर फक्त एवढंच, "फुलपाखरे, भुंगे, मुंग्या इत्यादी". ग्रामसभेत मी याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मास्तर, सड्यावर आहे काय, दगड नि गवत." या एका वाक्यावर आमच्या सड्याचा निर्णय होणार असेल तर मला ते मान्य नाही.

सड्यावर काय आहे ते सांगतो. मार्च उजाडला की माळटिटवी अंडी घालायला लागते, पिवळी गाठ डोळ्यापुढे लोंबते तीच. घरटं म्हणजे जांभ्याच्या बारीक खड्यांत केलेला उथळ खळगा, बस्स. त्यात बहुतेक वेळा चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवलेली, रंग अगदी आजूबाजूच्या खड्यांचा, काळपट ठिपक्यांसकट. दोन हात अंतरावर उभं राहूनही दिसत नाहीत. दुपारी जांभा इतका तापतो की चप्पल काढून उभं राहता येत नाही, आणि त्या तव्यावर ती अंडी असतात. पक्षी मग अंड्यांवर बसत नाही, उभा राहून सावली धरतो, मध्येच उडून कुठल्यातरी डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटानं अंडी गार करतो. असं जवळपास महिनाभर. पिल्लं बाहेर आली की ती लगेच चालायला लागतात पण उडता यायला आणखी महिनाभर तरी जातो, तोवर धोका दिसला की जमिनीला चिकटून निपचित पडणं हा एकच उपाय त्यांच्याकडे असतो. घारीला तो बऱ्याचदा फसवतो. वासावर चालणाऱ्या कुत्र्याला फसवत नाही.

आणि टिटवी एकटी नाही. मलबारी चंडोल गवताच्या ठोंबाखाली घरटं करतो. रातवा तर काहीच करत नाही, सरळ पालापाचोळ्यावर नाहीतर उघड्या जमिनीवर अंडी. लाव्हे आहेत, कारवानक आहेत. सगळे जमिनीवर घरटी करणारे.

आता माझी पहिली तक्रार. पंचायतीनं कचऱ्याची शेड सड्यावर नेऊन ठेवली. गावात वास नको म्हणून. मला त्यातली अडचण कळते, शेड कुठेतरी पाहिजेच, त्याला विरोध नाही. पण ओला कचरा दिवसेंदिवस उघडा पडतो, वर रात्री हॉटेलांचा माल येऊन पडतो, त्यामुळे तिथे कुत्र्यांची टोळी कायमची राहायला आली आणि कावळेही. लोक म्हणतात निसर्गात हे चालायचंच, अंडी काय कोल्हा खात नाही, मुंगूस खात नाही? खातात ना. पण मुंगसाला सड्यावर जे मिळतं त्यावरच जगायचं असतं, घरटी कमी झाली की त्याला दुसरीकडे जावं लागतं, म्हणून शिकार आणि शिकारी यांचा मेळ राहतो. कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्याचं तसं नाही, त्याचं पोट बारा महिने शेडवर भरतं, घरटी संपली तरी तो तिथेच, त्याची संख्या कमी होत नाही, आणि शेवटचं घरटं सुद्धा तो फिरता फिरता खाऊन जातो, भूक लागली म्हणून सुद्धा नाही. हा फरक कुणी लक्षातच घेत नाही. एका खेपेच्या अंड्यांचा घात झाला तर टिटवी परत घालते, परत गेली तर कदाचित परत, पण जून आला, पाऊस धरला की हंगाम संपला.

कुत्री मारा असं मी म्हणत नाहीये, कुणी तसं पसरवू नये. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, म्हणजे सड्यावरचा कुत्रा सड्यावरच परत येणार. मग करण्यासारखी गोष्ट एकच उरते, त्याचं तिथलं जेवण बंद करणं. आणि हे गोव्याला जमणार नाही असं कुणी सांगू नये. रेबीजसाठी इथे गावोगाव, वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली सरकारनंच सांगितलं की तीन वर्षांत राज्यात एकही माणूस रेबीजनं दगावला नाही. ते काम ज्या शिस्तीनं झालं तीच शिस्त मागतोय.

बरं, यात फक्त कुत्रे नाहीत. सड्यावर जीप आणि बाईक घेऊन सनसेट बघायला येणारे, प्री-वेडिंग शूटवाले, ड्रोनवाले, आणि हो, आमच्यातलेच पक्ष्यांचे फोटो काढणारे, जे घरट्यापाशी तासन्तास ठाण मांडतात. पक्षी उठला की अंडी उन्हात. एप्रिलच्या दुपारी किती वेळ लागतो ती खलास व्हायला? शिवाय कावळे जवळच बसून बघत असतात, माणूस कुठे वाकून बघतोय ते त्यांना बरोब्बर कळतं.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो कारण खात्यातल्या काही जणांना ते ऐकून आश्चर्य वाटलं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हेसुद्धा येतं. म्हणजे मार्च ते मे या काळात सड्यावर जेसीबी घालणं हे नुसतं सपाटीकरण नाही. परवानगी देताना महिना कुठला आहे हे बघितलं जातं का? आमच्याकडे तरी बघितलं गेलं नाही.

यावर एक साहेब मला म्हणाले, टिटवी काय धोक्यातला पक्षी आहे का. नाही, माळटिटवी आज जागतिक यादीत धोक्यात नाही, आणि मी खोटं सांगून तिला वाचवणार नाही. पण जे आज धोक्यात आहेत त्यांचं काय झालं ते बघा. माळढोक, एकेकाळी महाराष्ट्रात सोलापूरच्या नान्नजला नावाजलेला पक्षी, आता देशात दीडशेच्या आतबाहेर उरलाय, बहुतेक सगळे राजस्थानात. मादी जमिनीवर एकच अंडं घालते आणि तेही कुत्रे आणि कोल्हे खातात, म्हणून तिथे आता कुंपणं घालावी लागतात, अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवावी लागतात, आणि त्यासाठी किती पैसा आणि किती माणसं. चंबळच्या वाळूवर पाणचिरा पक्षी घरटी करतो, तो जागतिक यादीत धोक्यात आहे, तिथेही कुत्रे आणि गुरं, मग गावातलीच माणसं घरट्यांची राखण करायला नेमावी लागली. हे सगळं उशिरा सुरू झालं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात देशातल्या १७८ जातींना तातडीनं लक्ष द्यायला हवं असं म्हटलंय आणि उघड्या माळरानांवरच्या पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे मांडलीय. आमचे सडे म्हणजे तीच उघडी जागा. टिटवी भरपूर आहे तेव्हाच तिची घरटी मोजायला हवीत, पन्नास उरल्यावर मोजून काय करणार.

दुसरी तक्रार त्या "इत्यादी" बद्दल आहे आणि माझ्यासाठी ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

टिटवीची पिल्लं काय खातात? भुंगेरे, मुंग्या, वाळवी, नाकतोडे. म्हणजे सड्यावरचे कीटक गेले की कुत्रा नसला तरी पिल्लू जगणार नाही. हे कीटक कोणते? आमच्या पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडांची नावं आहेत, माशांची आहेत, माटोळीला, म्हणजे चवथीच्या गणपतीवर बांधतात त्या छताला, लागणाऱ्या घागऱ्या आणि हरणं या रानवनस्पती आहेत, कीटकांचं पान जवळजवळ कोरं. मी मुलांना घेऊन पहिल्या पावसानंतर सड्यावर पांढरं कापड लावतो, मागे दिवा. अर्ध्या तासात कापड दिसेनासं होतं, इतकं काय काय येऊन बसतं. हिरव्या चकाकीचे शेणभुंगे, लांब मिशांचे भुंगेरे, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग असलेले भुंगेरे, तांदळाच्या दाण्याएवढे करडे पतंग ज्यांच्या पंखांवर भिंगातून पाहिलं तर सोनेरी रेघा. मुलं विचारतात सर हे काय, आणि मी गटाचं नाव सांगू शकतो, फार तर कुळाचं. जातीचं नाव सांगायचं तर दोन अगदी सारखे दिसणारे भुंगेरे घेऊन नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, जुन्या वर्णनांशी ताडावं लागतं, मूळ नमुना कुठल्यातरी संग्रहालयात ठेवलेला असतो, पुष्कळांचे तर लंडनला, त्याच्याशी जुळवावं लागतं, आता डीएनए बारकोडही करतात, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखतात. एकेका गटाला आयुष्य देणारा माणूस लागतो. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे आणि इतरत्र अशी माणसं आहेत पण फार थोडी, आणि सरकारी सर्व्हेला त्यांना कुणी बोलावत नाही.

उष्ण कटिबंधातले कीटक हे काही मोजून संपलेलं प्रकरण नाही. टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १९८२ साली पनामातलं काम मांडलं, एकाच जातीच्या १९ झाडांवरून त्यानं बाराशेच्या आसपास जातींचे भुंगेरे मिळवले होते. त्यावरून त्यानं जगाच्या उष्ण कटिबंधातच कीटकवर्गीय जिवांच्या तीन कोटी जाती असतील असा हिशोब केला. तो आकडा नंतर बराच खाली आला, आता कीटकांच्या साधारण पंचावन्न लाख जाती असाव्यात असं मानतात. पण त्यातल्या आजवर नाव मिळालेल्या जाती दहा लाखांच्या आसपासच. उरलेल्या बहुतेक आपल्यासारख्याच प्रदेशात आहेत. २०१३ साली गोव्यातून चतुराची एक नवी जात नोंदली गेली, इडिओनिक्स गोमांतकेन्सिस, आपल्या गोमंतकाच्या नावाची. चतुरासारखा सहज नजरेत येणारा कीटक जर इतक्या उशिरा नोंदला जात असेल तर मातीतल्या आणि रात्रीच्या किड्यांचं काय असेल?

आता नावानं काय फरक पडतो म्हणाल तर फार पडतो. अंबोली इथून लांब नाही. तिथे हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात एक छोटा मासा होता, लोक तो वर्षानुवर्षं बघत होते. २०२० साली संशोधकांनी तो वेगळी जात म्हणून नोंदवला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा तोच, पाणी तेच, नोंद झाली म्हणून जागा वाचली. उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. २०१६ साली वृक्ष संरक्षण कायद्यातून नारळ वगळला गेला तेव्हा गोवा किती पेटला होता आठवा, पुढच्याच वर्षी तो राज्यवृक्ष करावा लागला. कुठली गोष्ट कुठल्या यादीत आहे यावर तिचं मरण-जगणं ठरतं हे गोंयकारांना नव्याने सांगायची गरज नाही. आमच्या सड्यावरचे किडे अजून कुठल्याच यादीत नाहीत.

आणि अळमी, म्हणजे खायची रानातली अळंबी, तर सगळ्यांनाच कळेल. श्रावणात रस्त्याच्या कडेला पानात गुंडाळून विकायला येते, दर ऐकून लोक डोळे मोठे करतात तरी घेतात. ही रोयणीची अळमी वाळवीच्या वारुळातूनच येते, वाळवी आत बुरशीची शेती करते आणि ती वारूळ सोडून दुसरीकडे उगवत नाही. आमच्या सड्याच्या उतारावर ती मिळते. ती कुठली वाळवी आहे, एक जात आहे की चार, एकाही रिपोर्टात नाही. वारुळं सपाट केली की अळमी संपली, आणि रिपोर्टाप्रमाणे मात्र काहीच संपलं नाही.

यातलं मूळ दुखणं मला असं वाटतं. पर्यावरण परिणाम अभ्यासासाठी माहिती साधारण एका हंगामाची, तीन महिन्यांची गोळा करतात आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. सडा तर पावसाळ्यातच जिवंत असतो. जूनमध्ये खडकावर पाण्याचा पातळ थर साठतो, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू उगवतात, त्यांच्यावर येणारे किडे, किड्यांवर बेडूक, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सगळं आटोपतं. जानेवारीत कुणी गाडीतून आला आणि दोन तास फिरला तर त्याला दगड आणि वाळकं गवत दिसणार, दुसरं काय दिसणार. त्याच्या अहवालात खोटं काही नसेल, पण तो चुकीच्या वेळी गेला. मोपाचा सडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं तिथल्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, अर्जात न दिलेल्या माहितीवरून कडक शब्द वापरले होते, २०२० मध्ये स्थगिती उठली आणि २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झालं. तो विषय झाला, विमानं उडतायत, मीही गेलोय त्यातून. पण त्या सड्यावर नेमकं काय काय होतं हे आता कुणालाही पूर्ण सांगता येणार नाही, ते कायमचं गेलं. आता नगरनियोजन कायद्याच्या ३९ए सारख्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या, कलमातून एकेक तुकडा रूपांतरित होतोय, लहान तुकडा असला की अभ्यासच लागत नाही, आणि असे तुकडे जोडले की सगळा सडा होतो.

मागण्या साध्या आहेत, लिहून देतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मास्तरला नक्की काय हवंय.

आमच्या आणि इतर कुठल्याही सड्याचं रूपांतर करण्याआधी पूर्ण वर्षाचा अभ्यास करा, पावसाळ्यासकट, आणि तो होईपर्यंत निर्णय थांबवा. मार्च ते जूनपर्यंत सड्यावर कुठलंही यंत्र घालायला परवानगी देऊ नका, आणि त्याच काळात गाड्या वर जाण्यावर बंदी ठेवा, गेट लावायला फार खर्च येत नाही.

कचऱ्याची शेड बंदिस्त करा, ओला कचरा रोजच्या रोज उचला, रात्री हॉटेलांचा माल टाकणाऱ्या गाड्या पकडा, आणि शेडभोवतीच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण एकदाच नाही तर दरवर्षी करा. पुढे जमलं तर शेडच खाली हलवा.

घरट्यांच्या राखणीसाठी गावातले तरुण आणि सड्यावर गुरं चारणारे गवळी-धनगर बांधव यांना हंगामापुरतं मानधन देऊन नेमा. त्यांना प्रत्येक घरटं माहीत असतं, ते दगड ठेवून गुरं बाजूनं नेतात हे मी पाहिलंय. नोंदी त्यांच्याकडून घ्या, जागा मात्र जाहीर करू नका.

नोंदवहीतलं कीटकांचं पान भरा. "इत्यादी" हा शब्द कुठल्याही सरकारी रिपोर्टात चालवून घेऊ नका, नाव माहीत नसेल तर फोटो, तारीख, जागा आणि नमुना क्रमांक द्या, नमुना कायद्यानं ठरवलेल्या संग्रहात जमा करा. राज्याचा स्वतःचा कीटक संग्रह उभा करा आणि त्यावर वर्गीकरण जाणणाऱ्या माणसांची कायम पदं भरा, कंत्राटी नको. गोवा विद्यापीठ स्वतः ताळगावच्या सड्यावर उभं आहे, तिथल्या मुलांना याहून जवळची प्रयोगशाळा मिळणार नाही, त्यांना या कामाला पैसा द्या.

आणि जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली गोव्यातला निदान एक तरी सडा वारसा स्थळ म्हणून जाहीर करा. सुर्ल्याच्या पुर्वतली राईला तो दर्जा मिळालाय, देवराईला मिळू शकतो तर सड्यालाही मिळू शकतो. आमचाच करा असा हट्ट नाही, कुठलाही करा, पण अभ्यास करून करा.

विकास नको म्हणणारा मी नाही. माझे विद्यार्थी नोकऱ्या शोधतायत, त्यांना पेडण्यात काम मिळावं असं मलाही वाटतं. पण ज्या जागेची नीट मोजदाद झालेली नाही ती रिकामी आहे असं धरून दिलेली परवानगी मी मान्य करणार नाही, आणि माझ्यासोबत सही करणारे गावातले लोकही नाही.

पुढचा हंगाम मार्चमध्ये सुरू होईल. त्याच्या आत दोन गोष्टी लेखी कळवा: रूपांतराचा प्रस्ताव पावसाळी अभ्यास होईपर्यंत थांबवलाय की नाही, आणि शेडवरचा ओला कचरा कुठल्या तारखेपासून रोज उचलणार. उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा, मी आणि मुलांचे पालक तिथे असूच.

आपला,
पेडणे तालुक्यातला एक विज्ञान शिक्षक